शेवटच्या भागाची सकाळ

राणीसावरगावहून लग्न होऊन मी आले ती थेट सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये. बोरीकडं जाणाऱ्या रस्त्यालगत, गावापासून हाकेच्या अंतरावर तारेचं कुंपण होतं. आत खडी पसरलेली, खडीवर ट्रान्सफॉर्मर, एका कडेला लोखंडी पेट्यांची खोली आणि दुसऱ्या कडेला आमच्या दोन खोल्या. माझे यजमान तिथं ऑपरेटर होते. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मीही तसंच म्हणायचे. ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस घुमायचा. सुरुवातीला त्या आवाजानं झोप यायची नाही. पुढं पुढं तो थांबला की दचकून जाग यायची.

त्या खोलीतून एक लाइन निघून आजूबाजूच्या गावांना जायची. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एका खांबावर स्विच होता, त्याचा लांब दांडा खाली हाताच्या उंचीपर्यंत आलेला. तो ओढला की तेवढ्याच गावाची वीज बंद व्हायची, बाकीची चालू राहायची. खोलीतला मोठा दांडा ओढला तर मात्र सगळीच गावं बंद. हे मला मालकांनी पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं. नवी नवरी म्हणून मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तारांची कामं करायला एक लाइनमन होते. चाळिशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. ते बौद्ध होते. त्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. त्यांच्या बायकोला मी वैनी म्हणायचे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा बरीच वर्षं जुना झाला होता, पण विझला नव्हता. पहिल्या वेळेस बौद्ध वस्त्यांतली जी घरं जाळली गेली त्यांत वैनींच्या माहेरचं एक घर होतं. त्या ते कधी सविस्तर सांगत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, "आमची माय अजूनबी रातच्याला चूल पाणी मारून इझवती. निखारा दिसला की तिला भ्या वाटतं."

गावात टीव्ही मोजकेच. रंगीत एकच, तो आप्पांकडं. आप्पा म्हणजे लिंगायत वाणी, गावातलं मोठं किराणा दुकान त्यांचं, कपाळावर सकाळ-संध्याकाळ भस्माचे पट्टे. माणूस तोंडानं गोड. रविवारी त्यांच्या ओसरीत टीव्ही आणून ठेवायचे आणि निम्मं गाव तिथं बसायचं. वस्तीतली माणसं मात्र ओसरीखाली, रस्त्यावर उभी राहून बघायची. बसा कुणी म्हणत नसे, आणि उभं राहू नका असंही कुणी म्हणत नसे. माझ्या भावानं मला काळा-पांढरा छोटा टीव्ही दिला होता. म्हणून वैनी आमच्याकडं यायला लागल्या. पहिल्या दिवशी उंबऱ्यापाशी टेकल्या. मी म्हणाले, "वैनी, तिथून दिसंना, बाजेवर या." त्या आल्या. ही गोष्ट गावात पोचायला दुसरा दिवस उजाडावा लागला नाही.

त्या साली एका मालिकेनं सगळ्यांना येड लावलं होतं. मोठ्या घराण्यातली सून, तिच्यावर नवऱ्याच्या खुनाचा आळ, सासरा वकील लावून तिलाच फासावर चढवायला निघालेला. हिंदीतली मालिका, पण आमच्या बायांना अडचण नव्हती, बाजारात निम्मं बोलणं दखनीतच चालायचं. महिना-दीड महिना आधीपासून त्या शेवटच्या भागाचा गाजावाजा चाललेला. टीव्हीवर दर थोड्या वेळानं त्या सुनेचे डोळे दाखवायचे आणि आतून जाड आवाज येऊन विचारायचा, निकाल काय लागणार? जिंतूरच्या एसटी स्टँडवर अख्खी भिंत रंगवलेली. साबण विकणारी जीप बोरीच्या बाजारात भोंगा लावून फिरली, साबणाच्या दोन वड्यांवर सुनेचं चित्र फुकट. आप्पांच्या दुकानात ती चित्रं देवाच्या फोटोंच्या रांगेत लागली होती. शेतात, पाणवठ्यावर, जिथं जावं तिथं तेच. "सुटंल का गं?" "न्हाई सुटत, ते सासरं लय बेरकी हाय."

मीही त्यातलीच. रविवारी स्वयंपाक पहाटेच उरकायचे.

मालकांना मात्र रविवार नको झाला होता. पूर्वी रविवारी सकाळी वीज गेली तर कुणी ढुंकून बघत नसे. आता तासाभरासाठी गेली तरी लोक सायकली हाणत फाटकाशी यायचे. शेवटच्या भागाच्या आधीच्या रविवारी मध्येच वीज गेली, वरूनच गेली होती, त्यात मालकांच्या हातात काही नव्हतं. तरी कुणीतरी खोलीच्या पत्र्यावर दगड मारले. जाताना आप्पांचा पुतण्या, वीस-बाविशीचा गडी, फाटकाला लाथ घालून म्हणाला, "फुडल्या रविवारी लाइट गेली ना सायब, तर मग बघा." मालक हसण्यावारी नेत होते. पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते लाइनमनला घेऊन तारा बघत फिरले, झाडांच्या फांद्या तोडून घेतल्या. मी विचारलं तर म्हणाले, "कवा नव्हं ते मला त्या मालिकेची काळजी लागलीय बघ."

आणि त्या रविवारी वीज गेली.

माघाचे दिवस होते. पहाटे दाट धुकं पडलं होतं. गावाकडच्या तारेखालची चिनी मातीची वाटी, म्हणजे इन्सुलेटर, फुटली आणि तेवढ्या गावाची वीज बंद झाली. आमची चालू, बाकीच्या गावांची चालू. लाइनमनला निरोप गेला तसे ते सायकलवर आले, खांद्यावर दोर आणि पक्कड. सोबत वैनी, मालिका बघायला निघालेल्या. मालक म्हणाले, "प्रोग्राम सुरू व्हायच्या आत होईल का?"

"न्हाई व्हायचं सायब. वाटी बदलायची म्हंजे येळ लागतोच. घाई केली तर मी वरून खाली येईन, लाइट यायची न्हाई," लाइनमन म्हणाले. ते गावाच्या तोंडाशी गेले, खांबावरचा दांडा ओढला, त्याला कुलूप घातलं आणि ज्वारीतून पुढच्या खांबाकडं गेले. आज असतात तशी साधनं तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती. कमरेला दोर, हातात पक्कड, आणि दांडा ओढलेला आहे हा भरवसा, एवढंच.

वैनी बाजेवर बसल्या. माझी मुलगी वर्षाची होती, ती त्यांच्या मांडीवर. मी टीव्ही लावला. जाहिरातीच संपेनात. मधे मधे ते डोळे, तो जाड आवाज.

मालिका सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. खिडकीतून बघितलं तर रस्ता माणसांनी भरलेला. पुढं पोरं, मागं बायकाही, पोरं कडेवर घेऊन. आप्पा धोतराचा सोगा हातात धरून मधोमध. मालक खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"सायब, लाइट द्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमच्या गावाची वाटी फुटलीय. माणूस वर चढलाय. झालं की देतो."

"कवा होईल?"

"सांगता येत न्हाई."

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ऐका ऐका." सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत आमच्या घरातून मालिकेचा आवाज बाहेर गेला. कोर्टातलं बोलणं चाललं होतं. मी धावत जाऊन आवाज बारीक केला, पण व्हायचं ते झालं होतं.

"यांच्या घरात चालूच हाय की!"

"आमी अंधारात आन हे मजेत बघायलेत."

पुतण्या कुंपणावर चढून खिडकीतून डोकावला. त्यानं बाजेवर बसलेल्या वैनींना बघितलं. खाली उतरून तो ओरडला, "बघा, बघा कुणाला बसवून दावायलेत! त्या वस्तीतल्यांना बाजेवर बसवून पिक्चर, आन आमाला म्हनं वाटी फुटली!"

एकदम आवाज बदलला. तोवर नुसता राग होता, चिडलेल्या माणसांचा. आता त्यात दुसरंच काही मिसळलं. वैनींनी मुलीला माझ्याकडं दिलं आणि पदर खोचून उठल्या. मी म्हणाले, "वैनी, बाहेर जाऊ नका." त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

मालक हात जोडून सांगत होते. "माझ्या घरची लाइन येगळी न्हाई, बाबांनो. तुमच्याच खांबावरचा दांडा वढलेला हाय. माणूस तारंवर हाय. आत्ता दिली तर मरंल तो."

"कोण हाय वर?" मागून कुणी विचारलं.

कुणीतरी वैनींच्या नवऱ्याचा, म्हणजे लाइनमनचा, जातीसकट उल्लेख केला. तो शब्द मी इथं लिहीत नाही.

आणि गर्दीतून एक आवाज आला, "मग असू द्या की वर."

कुणी म्हटलं ते कळलं नाही. बाईचा होता की पुरुषाचा तेसुद्धा आज सांगता यायचं नाही. दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. वैनींनी दाराची चौकट घट्ट धरली होती.

आप्पा मागं वळून म्हणाले, "असं वंगाळ बोलू नका रे." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, आणि तोवर पुतण्या पोरांना म्हणाला होता, "सायबाच्या हातापाया कशाला पडायलाव? दांडा आपल्याच खांबावर हाय. कुलूप दगडानं तुटतं. चला."

पाच-सहा पोरं रस्ता सोडून बांधाबांधानं पळत सुटली.

वैनींनी एक किंकाळी मारली. तशी किंकाळी मी त्यानंतर कधी ऐकली नाही. त्या पायऱ्या उतरून गर्दीतून वाट काढत ज्वारीत घुसल्या, नवऱ्याच्या खांबाकडं. तो खांब लांब होता, दांड्याचा खांब त्या मानानं जवळ. त्या पोरांच्या आधी पोचणं शक्यच नव्हतं. ते मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार.

मी मुलीला काखोटीला मारून मागच्या दारानं लोखंडी पेट्यांच्या खोलीत शिरले. मालक समोरच्या दारात गर्दीकडं तोंड करून उभे. त्यांना ती पोरं दिसलीच नव्हती, भिंत आड होती. मी मागून त्यांचा सदरा ओढला. "पोरं दांड्याकडं गेली. कुलूप तोडायलेत."

ते माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरले नाही. पळत जाऊन त्यांना अडवणं होणार नव्हतं. राहता राहिला खोलीतला मोठा दांडा. तो ओढायचा म्हणजे सगळी गावं बंद, सगळ्यांच्या शेवटच्या भागाच्या मध्ये, वरच्या साहेबांना न विचारता. आणि समोर ही गर्दी.

ते क्षणभरही थांबले नाहीत. आत आले आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला.

धाडकन आवाज झाला. पेट्यांवरचे लाल दिवे विझले. लाइनीच्या मीटरचे काटे एकदम पडले. आमच्या घरातला टीव्ही मुका झाला.

"यानं सगळ्यांचीच बंद केली!" बाहेरून ओरडा झाला. "मुद्दाम केली!" गर्दी आत घुसली. मी मुलीला पोटाशी धरून भिंतीला चिकटले. मालक दांड्यासमोर पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात मागं करून. कुणी त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. कुणी गचांडी धरून ओढायला लागलं. ते एवढंच म्हणत होते, "मारा, पण ह्याला हात लावू नका. माणूस मरंल. मारा, पण ह्याला हात लावू नका." पलीकडं टेबलावर फोन वाजायला लागला. बाकीच्या गावांतून असणार. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

तिकडं आमच्या घरातून कुणीतरी टीव्ही उचलून अंगणात आपटला. काच फुटल्याचा आवाज आला.

मग आप्पांना काय झालं ते मला माहीत नाही. कदाचित तो चष्मा त्यांच्या पायाशी येऊन पडला होता म्हणून, कदाचित माझी मुलगी श्वास धरून निळी पडेपर्यंत रडत होती म्हणून. त्यांनी माझ्या नवऱ्याची गचांडी धरणाऱ्याचा हात पकडला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की मला ते आप्पाच आहेत हे खरं वाटेना. "व्हा बाहेर! सगळे बाहेर व्हा! खून करायला आलाव का टीवी बघायला?" ते दारात आडवे उभे राहिले. थोरला माणूस, त्यात दुकानदार. निम्म्या गावाचं त्यांच्याशिवाय चालत नसे. एकेक जण मागं सरकला.

पोरांनी कुलूप तोडलं होतं. दांडा वर ढकलला होता. मालकांनी मोठा दांडा ओढला त्यानंतर, पण फार नंतर नाही. लाइनमन वर तारेला हात घालूनच होते. त्यांना खालून लोखंडाचा खणखणाट ऐकू आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हात काढून घ्यायलाही वेळ नव्हता. पुढं त्यांनी मला सांगितलं, "डोळे मिटले बाई. वाट बघितली. काय झालंच न्हाई. मग डोळे उघडले तर खाली ज्वारीत ही पळत यायलीय, वरडत." ते उतरले तेव्हा दोघं बराच वेळ बांधावर बसून होते. वैनी त्यांचे हात पुन्हापुन्हा चोळत होत्या.

त्यांनी त्याच दुपारी काम पुरं केलं. मालकांनी त्यांना नको म्हटलं होतं. "आता कुणी येणार न्हाई," ते म्हणाले, आणि चढले. या वेळेस दांड्याच्या खांबापाशी वैनी बसल्या, संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत.

पोलीस आले, जबाब झाले. मालकांनी जे घडलं ते सांगितलं, काही झाकलं नाही. वरून त्यांना विचारणा झाली, सगळी लाइन का बंद केली म्हणून. उत्तर दिलं, पण बदलीचा हुकूम निघालाच: येलदरी. गावात मात्र वेगळीच भीती पसरली. ते दिवस असे होते की एका गावातली ठिणगी चार गावांत जायची. दोन्हीकडचे लोक काठ्या उशाशी घेऊन झोपायचे. आप्पा एका सकाळी आमच्याकडं आले, लाइनमन आणि वैनीही तिथंच होत्या. आप्पा म्हणाले, "पोरगं येडं हाय. त्या पोग्रामापायी डोकं फिरलतं त्याचं. माफी मागतो मी."

वैनी बोलल्या. "पोग्रामापायी न्हाई आप्पा. वर दुसरं कुणी आसतं तर त्यानं कुलूप तोडलं नसतं. माफी मागायची तर त्यानं मागावी, आन आमच्या घरी यिऊन मागावी. बसून. हितं न्हाई."

मला वाटलं, आप्पा उठून जातील. ते खाली बघत म्हणाले, "आणतो."

त्यांनी आणलं. ओढा ओलांडून वस्तीत गेले, लाइनमनच्या घरात घोंगडीवर बसले. मी तिथं नव्हते, वैनींनी सांगितलं. पुतण्यानं मान खाली घालून माफी मागितली. चहा ठेवला. आप्पा प्यायले. पुतण्यानं कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच खाली ठेवला. "साय धरली त्येच्यावर," वैनी म्हणाल्या. "त्यो गेल्यावर कप घासला आन ठिवला." खटला पुढं रेंगाळला, मिटला, तसा गावही वरून शांत झाला. आप्पा वस्तीत जाऊन चहा प्यायले म्हणून गावातल्या काही घरांनी त्यांच्याकडून किराणा घ्यायचं बरेच दिवस बंद केलं होतं, तेही मागाहून सुरू झालं.

येलदरीला धरणाच्या कॉलनीत रांगेनं क्वार्टर होते आणि दोन-तीन वर्षांतच जवळजवळ प्रत्येकाच्या घरात टीव्ही आला. रविवारी सकाळी सगळी दारं आतून बंद असायची. एकाच मालिकेचा आवाज रांगेतल्या प्रत्येक खिडकीतून यायचा, आणि अंगणात चिटपाखरू नसायचं. मला पहिल्यांदा ते बरं वाटलं. कुणी कुणाच्या ओसरीत नाही, कुणी खाली उभं नाही. मग कधीतरी वाटायला लागलं, शेजारच्या बाईच्या घरात काय चाललंय हे मला महिना-महिना कळत नाही, आणि दोघींनाही त्या सुनेसारख्या दहा सुनांची सगळी माहिती आहे. आम्ही नवा टीव्ही उशिरा घेतला. मालकांना घ्यायचा नव्हता. मुलगी शेजारी जाऊन बसायला लागली तेव्हा त्यांनी घेतला. वीज गेली की ते अजूनही आधी खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडं बघायचे.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय व्हायचा होता त्या थंडीत पुन्हा सगळीकडं कुजबुज सुरू झाली. एसटी रिकाम्या धावायच्या. एका सकाळी वैनी आमच्या दारात उभ्या, आपल्या दोन मुलींना घेऊन. "ते म्हनले, तिकडं जाऊन ऱ्हावा चार दिस," एवढंच बोलल्या. लाइनमन गावातच थांबले होते, ड्युटीवर. ते चार दिवस आम्ही दार लावून सगळे एका खोलीत बसलो. मुली अभ्यास करत होत्या किंवा तसं दाखवत होत्या. बातम्या लागल्या की वैनी ताठ बसायच्या, बातम्या संपल्या की भिंतीला टेकायच्या. मालिका लागली तर त्या उठून चुलीकडं जायच्या. मी बंद करू का विचारलं, तर म्हणाल्या, "असू द्या, पोरींना बघू द्या."

निर्णय झाला. विद्यापीठाला नवं नाव मिळालं. त्या रात्री वैनी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. मुलींना जवळ घेऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनमनचा फोन कॉलनीच्या ऑफिसात आला: गाव शांत आहे, या. मालकांनी त्यांना एसटीत बसवलं. मी मुलींच्या हातात भुईमुगाच्या शेंगा दिल्या. वैनी खिडकीजवळच्या बाकावर बसल्या आणि बाहेर वाकून म्हणाल्या, "उन्हाळ्यात तुमी या आता. आमच्याकडं ऱ्हायला."

"येऊ," मी म्हणाले. आणि त्या उन्हाळ्यात आम्ही गेलो.